काम सोडलेल्यांचा इतिहास

इतिहासाच्या पुस्तकात कामाला जागा नसते. तिथं तहाला जागा असते, तख्ताला असते, तलवारीला असते. तलवार कुणी पाजळली, वाड्याची जमीन कुणी सारवली, सरदाराच्या घोड्यापुढं मशाल घेऊन रात्रभर कोण पळालं, हे कुणी लिहीत नाही. लिहिणाऱ्यांचे हात मोकळे होते. आपले कामात अडकले होते.

मित्रांनो, आज कुणीही भेटलं की पहिला प्रश्न येतो, 'काय करता?' लग्नाच्या बोलणीत येतो, बैठकीत येतो, एसटीत शेजारी बसलेला माणूसही विचारतो. आपल्या पणजोबाला हा प्रश्न गावात कुणी विचारला नसेल. विचारायची गरजच नव्हती. घर गावाच्या कोणत्या अंगाला आहे एवढं कळलं, की माणूस काय करतो ते कळायचं, त्याचा बाप काय करत होता ते कळायचं आणि त्याचं अजून न जन्मलेलं पोर काय करणार तेही कळायचं. जन्माआधीच नेमणूक! एवढी पक्की नोकरी जगात दुसरीकडं कुठं नसेल.

म्हणून आपल्या कामाचा इतिहास लिहायचा तर तो उलट्या बाजूनं लिहावा लागतो. दुसऱ्यांच्या चरित्रात 'अमुक साली ते अमुक पदावर रुजू झाले' असं येतं. आपल्याकडं आधी हे विचारलं पाहिजे, की माणसानं कोणतं काम सोडलं, ते सोडताना काय भोगलं, आणि नव्या कामाच्या कोणत्या दारावर त्याला पुन्हा अडवलं. या टिपणात मी मुख्यतः महार समाजाचं सांगतो, कारण तेच मला जास्त माहीत आहे. मांग, चांभार, ढोर, भंगी या सगळ्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. त्या त्या घरातल्या पोरांनी त्या लिहाव्यात.

●

गावकीत महाराकडं काय काय काम होतं ते एकदा मोजा. वेस राखायची. पाटलाच्या हाकेला धावायचं. सरकारी वसुली तालुक्याला पोचवायची. शिवेचं भांडण लागलं की हद्द दाखवायची. कुणी मेलं की परगावी सांगावा न्यायचा. सरणाची लाकडं फोडायची. मेलेलं ढोर ओढायचं. अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं. दिवस नाही, रात्र नाही. पाळी एकाची असली तरी तो नसेल तेव्हा बापानं जायचं, भावानं जायचं, घरातल्या बाईनं जायचं. मोबदला म्हणजे हाडकी-हाडोळ्याचा तुकडा, खळ्यावरचं बलुतं आणि दारोदार मागून आणलेली भाकर. इंग्रज आला तरी हे सुटलं नाही. १८७४ च्या वतन कायद्यानं वंशपरंपरेच्या चाकरीला उलट सरकारी शिक्का बसला.

यात एक गोष्ट नीट बघा. कुंभाराला मडकं होतं, सुताराला लाकूड होतं, लोहाराला भाता होता. देशावरच्या नि कोकणातल्या महाराला कामं सतरा, पण हातात एक कसब म्हणून धरावं असं काही राहू दिलं नव्हतं. हा अन्यायच होता. पण पुढं त्याचा एक परिणाम असा झाला, की नवं काम निघालं तेव्हा आपली माणसं पटकन उठली. सोडून जावं असं मागं काही नव्हतं. पलटण, रेल्वे, गोदी, गिरणी, दारूगोळ्याचा कारखाना, साहेबाचा बंगला, जिथं माणूस लागत होता तिथं आपला माणूस गेला. 'धाडसी' असं कुणी त्याला म्हटलं नाही. 'पोटाला नाही म्हणून आला' असंच म्हटलं.

●

पहिलं मोठं दार पलटणीचं. भीमा कोरेगावचा स्तंभ आपल्याला पाठ आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांच्या यादीत बावीस नावं 'नाक' शब्दानं संपणारी आहेत. आपण तिथं जातो ते शौर्य आठवायला. पण पलटणीनं शौर्याहून मोठी एक गोष्ट दिली ती म्हणजे शाळा. फौजेत शिपायांच्या पोरांना शिकावं लागायचं. सुभेदार रामजी सकपाळ अशाच पलटणीच्या शाळेत मुख्याध्यापक होते. बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महूच्या लष्करी छावणीत झाला तो योगायोगानं नव्हे. गावकीतून सुटलेल्या माणसाच्या घरात तो झाला.

आणि नेमकं त्याच सुमाराला दार बंद झालं. १८९२-९३ च्या दरम्यान महारांची भरती थांबवली. साहेबानं 'लढाऊ जाती' नावाचं नवं शास्त्र काढलं आणि त्यात आपण बसलो नाही. ज्यांनी शंभर वर्षं बंदूक धरली त्यांना एका हुकमानं परत वेशीवर पाठवलं.

आता पुढचं महत्त्वाचं. या हुकमाविरुद्ध कोण बोललं? कुणी बॅरिस्टर नव्हे. महाडजवळच्या रावदुळचे गोपाळबाबा वलंगकर, पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार. त्यांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिलं होतं, १८९४ साली लष्कराच्या भरतीसाठी विनंतीअर्ज तयार केला. त्यांच्यानंतर पुण्याचे शिवराम जानबा कांबळे. हे मेसॉनिक हॉलमध्ये बटलर होते. साहेबांच्या पानात वाढता वाढता इंग्रजी शिकले, १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' मासिक काढलं आणि १९१० साली लष्कर-पोलिसात घ्या म्हणून विलायतेपर्यंत अर्ज धाडला. एक पेन्शनर आणि एक बटलर. आपल्या चळवळीची सुरुवात अशी 'नोकरीच्या अर्जा'नं झालेली आहे. याची लाज वाटायचं कारण नाही. ज्याला काम नाकारलं जातं त्याचा कामाचा अर्ज हाच जाहीरनामा असतो.

पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा सरकारला आपली आठवण झाली. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ साली मोडली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ च्या ऑक्टोबरात, बेळगावला, दुसऱ्या महायुद्धात. म्हणजे पहिल्या बंदीपासून जवळजवळ पन्नास वर्षं. तेवढ्यात एका माणसाची सगळी उमेद सरते.

●

दुसरं दार रेल्वेचं. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी १८५३ साली धावली. रेल्वेत बामण बसला, महार बसला, आणि एकाच डब्यात बसल्यानं विटाळ गेला, असं लिहिणारे पुष्कळ झाले. डब्यात कोण बसलं ते त्यांनी बघितलं. रुळावर कोण उभं होतं ते बघितलं नाही.

ते बाबासाहेबांनी दाखवलं. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगाराचे दोन शत्रू, हे तिथलं म्हणणं आपण पोस्टरवर लिहितो. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या कामाचा जो पाढा वाचला तो कुणी पोस्टरवर लिहीत नाही. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निघतो. त्याला पोर्टर का होता येत नाही? कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचंही काम करावं लागतं, आणि स्टेशनमास्तर सवर्ण. त्याच्या घरात याचं पाऊल चालत नाही. वर्कशॉपात तो मिस्त्री होत नाही, फोरमन होत नाही. हमालच राहतो.

बघा, नियमाच्या पुस्तकात कुठंही 'महाराला पोर्टर करू नये' असं लिहिलेलं नव्हतं. स्टेशनमास्तरच्या घरातला पाण्याचा माठ तेवढा मधे ठेवलेला होता. कायद्यात न लिहिलेली बंदी अशी असते, आणि तिच्याविरुद्ध अर्ज करायला कागदावर काही सापडत नाही.

●

तिसरं दार गिरणीचं. हे मी जरा सविस्तर सांगणार, कारण मी मागावर काम करतो.

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत कोकण-घाटावरची माणसं लोंढ्यानं आली. आपली माणसंही आली. भोंगा सगळ्यांना एकच होता. पण आत गेल्यावर वाटा फुटत होत्या. आपल्या माणसांना मुख्यतः सूत काताईच्या, रिंगच्या खात्यात काम मिळायचं. विणकाम खातं बंद. आणि विणकरांची कमाई रिंगवाल्यांपेक्षा चांगलीच जास्त होती.

कारण काय? धोट्यातल्या कांडीचं सूत संपलं की नवी कांडी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचं. ते टोक तोंडानं ओढून घ्यायची पद्धत होती. धोट्याला तोंड लावायचं आणि श्वास आत ओढायचा. एकाच धोट्याला दोन पाळ्यांतल्या माणसांचं तोंड लागणार. मग एका धोट्याला महाराची थुंकी आणि मराठ्याची थुंकी कशी चालेल? बास. एवढ्या एका कारणानं हजारो माणसांची मजुरी कमी राहिली. तोंडात कापसाचे तंतू जात होते, छाती बिघडत होती, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार फक्त जातीची होती.

आणखी एक गंमत बघा. विदर्भात खेडोपाडी जाडंभरडं कापड विणणारे पुष्कळ महार होते. ज्या समाजाचा हात मागावर पिढ्यान्‌पिढ्या बसलेला, त्याच समाजाला मुंबईच्या मागाला हात लावू देत नव्हते. म्हणजे प्रश्न कसबाचा नव्हताच.

१९२८ साली मुंबईत मोठा संप झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने बाहेर. लाल बावटा पुढं होता. पगारकपात, कामवाढ, सगळ्या मागण्या कागदावर आल्या. विणकाम खातं अस्पृश्यांना खुलं करा ही मागणी मात्र आपोआप आली नाही. बाबासाहेबांना त्यासाठी पुढाऱ्यांशी भांडावं लागलं. हे घालणार नसाल तर आमचे लोक संपात कशाला राहतील, असं म्हणावं लागलं. मग नाखुशीनं ती मागणी यादीत गेली. मालकांनी काय उत्तर दिलं? हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही! मालक खोटं बोलला नाही. दार मालकानं लावलं नव्हतं. शेजारी उभ्या असलेल्या कामगारानं लावलं होतं. मालकाला त्याचा फायदा होता, म्हणून त्यानं ते उघडलंही नाही.

१९२९ साली पुन्हा संपाची हाक आली तेव्हा बाबासाहेबांनी आपल्या लोकांना कामावर जायला सांगितलं. यावरून त्यांना अजून नावं ठेवणारे आहेत. त्यांना विचारा, सहा महिन्यांच्या उपाशी संपानं कर्जबाजारी झालेल्या आणि कापडखात्यात पाय ठेवायची सोय नसलेल्या माणसानं कुणाच्या खात्यासाठी पुन्हा उपाशी राहायचं? आणि बाबासाहेब संपाच्या विरोधात होते म्हणावं तर १९३८ च्या ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध संप झाला, त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकाच बाजूला होते. संपाचा हक्क त्यांनी मानलाच होता. एकजूट मागणाऱ्यानं आधी आपलं खातं उघडावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

जातीनं कामाचे वाटे केले हे खरं, पण त्याआधी तिनं कामगाराचेच वाटे केले, आणि वर खालीही लावले, हा विचार त्यांनी १९३६ च्या 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या न झालेल्या भाषणात मांडला. धंदा बदलायची मुभा नसेल तर जुना धंदा बुडाल्यावर माणूस बेकार होतो, हेही त्यातच आहे. मला वाटतं, हे लिहिताना गिरणीतलं ते खातं त्यांच्या डोळ्यापुढं असणार.

●

शहरात दारं ठोठावणं चालू होतं तेव्हा गावात दुसरी लढाई चालू होती, काम सोडण्याची. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला पाणी प्यायलो हे आपण सांगतो. त्याच परिषदेत मेलेलं मांस सोडा, शिळंपाकं सोडा हेही सांगितलं गेलं. गावोगाव लोकांनी ढोर ओढणं बंद केलं. लगेच बहिष्कार पडला. किराणा बंद, दळण बंद, रानातलं काम बंद. ज्यांनी कधी आपल्या पोटाची चिंता केली नव्हती त्यांना एकदम आपल्या उत्पन्नाची काळजी वाटायला लागली. कातड्याचे इतके, हाडाचे इतके, शिंगाचे इतके, असा हिशेब 'केसरी'तून मांडला गेला. १५ ऑक्टोबर १९५६ ला, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी ही जुनी हकिकत सांगितली. त्यांचं उत्तर साधं होतं. एवढा नफा आहे ना? मग ढोर तुम्ही ओढा, नफा तुम्हीच घ्या, वर बक्षीस मी देतो. कुणी पुढं आलं नाही.

वतनाचंही तेच. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचं दुरुस्ती विधेयक आणलं. ते मागं घ्यावं लागलं. आपल्यातलेही काही जण वतनाला चिकटून होते, हे लपवू नये. हाडोळ्याचा तुकडा का होईना, जमीन होती. ती वतनं कायद्यानं गेली १९५८ च्या कायद्यानं, बाबासाहेब गेल्यानंतर.

बायांची वाट याहून अवघड. नागपूरच्या जाईबाई चौधरी यांनी डोक्यावर ओझी वाहून हमाली केली. एका मिशनरी बाईच्या मदतीनं शिक्षिका झाल्या. महारीण शिकवते म्हणून पालकांनी गिल्ला केला, नोकरी गेली. तेव्हा १९२२ साली त्यांनी चोखामेळ्याच्या नावानं मुलींची स्वतःची शाळा काढली. फलटणच्या बेबी कांबळे यांनी छोटं दुकान चालवलं. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतलं वाचत वाचत त्या लिहित्या झाल्या, आणि घरच्यांपासून कित्येक वर्षं लपवून ठेवलेल्या कागदांतून 'जिणं आमुचं' आलं. हमाल, शिक्षिका, दुकानदार, लेखिका. यांना कुणी वाट आखून दिली नव्हती. एक काम हातातून काढून घेतलं की त्या दुसरं उभं करत होत्या.

●

चौथं दार सरकारी कचेरीचं. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात, १९४३ साली, केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखल्या गेल्या, १९४६ साली त्या १२.५ टक्के झाल्या. मग घटनेत कलम १६ आलं, वेठ बंद करणारं कलम २३ आलं, आणि कोणताही धंदा करण्याचा हक्क देणारं कलम १९ आलं. आपण आरक्षणाचं कलम पाठ करतो. पण मला हे १९ आणि २३ एकत्र वाचावंसं वाटतं. काम धरण्याचा हक्क आणि काम नाकारण्याचा हक्क. वेशीवरच्या माणसाला यातलं दुसरं आधी हवं होतं.

आणि इथंही पुन्हा अडवलंच. १९५६ साली धर्म सोडला तर बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती नाकारल्या. त्या मिळाल्या १९९० साली. चौतीस वर्षं! स्वाभिमानानं कागदावर 'बौद्ध' लिहिणाऱ्या कितीतरी पोरांनी केंद्राची नोकरी गमावली. त्यांची यादी कुठल्याही कचेरीत सापडणार नाही.

पण याच नोकऱ्यांतून लिहिणारी माणसं आली हेही खरं. वाटेगावहून पायी मुंबईला आलेले अण्णा भाऊ साठे गिरणीत राबले. बाबूराव बागूल रेल्वेत होते, १९६३ साली त्यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती'नं मराठी कथेचा चेहरा बदलला. दया पवार रेल्वेच्या हिशेबखात्यात होते. नामदेव ढसाळ टॅक्सी चालवत होते. दलित साहित्य विद्यापीठातून नव्हे, पाळी सुटल्यावर जन्मलं.

●

मग आज काय? १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक करून गेल्या. अडीच लाख कामगार त्या संपात होते. विणकाम खात्याचं दार हळूहळू उघडत आलं होतं, तोवर गिरणीच राहिली नाही. सरकारी कचेरीत आपलं पोर शिकून पोचलं, तोवर कायमच्या जागा आटत चालल्या आणि कंत्राट आलं. कंत्राटदाराच्या हजेरीपटावर कलम १६ कुणी शोधायचं?

आणि एक खातं असं आहे, ज्याचं दार आपल्यासाठी कधीच बंद नव्हतं. गटाराचं. हातानं मैला काढण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं गटारात मेलेल्यांच्या घरच्यांना दहा लाख द्या म्हणून सांगितलं, २०२३ साली तीस लाख सांगितले. माणूस आत उतरणं थांबलं नाही. नुकसानभरपाईचा आकडा वाढला. त्या कामासाठी जाहिरात निघत नाही, मुलाखत होत नाही, वशिला लागत नाही. कारण तिथं अजून ती जुनीच, जन्माआधीची नेमणूक चालू आहे.

म्हणून कार्यकर्त्या दोस्तांनो, कुठल्याही कारखान्यात, दवाखान्यात, महापालिकेत, नव्या काचेच्या इमारतीत गेलात तर तिथं किती जण कामाला आहेत एवढंच विचारू नका. कोण कुठल्या खात्यात आहे ते विचारा. झाडू कुणाच्या हातात आहे, चावी कुणाच्या हातात आहे, सही कोण करतं, ते बघा. आणि तिथं कोणता धोटा मधे ठेवलाय ते शोधून काढा. आज तो थुंकीचा नसेल. ओळखीचा असेल, इंग्रजीचा असेल, आडनावाचा असेल.

आणि एक काम आजपासून करा. आपल्या वस्तीत घरोघर जा. म्हाताऱ्या माणसांना तीनच प्रश्न विचारा. तुम्ही कोणतं काम सोडलं? सोडलं तेव्हा गावानं काय केलं? नव्या कामात कुठल्या दारावर अडवलं? साल आठवत नसेल तर दुष्काळ, पूर, संप, निवडणूक यावरून साल काढा. जसं बोलतात तसं लिहून घ्या, शुद्ध करू नका. बायांना वेगळं विचारा, नाहीतर त्यांच्या वतीनं बापेच बोलतात. लिहिलेलं आमच्याकडं पाठवा. स्टेन्सिल आम्ही कापू. ही माणसं आता थोडी उरलीत, आणि त्यांचं काम कुठल्याच दप्तरात नोंदलेलं नाही.

जयभीम.